पंपच का घेतलीस?

वैजू, आज सकाळी तुझी बंदूक घरातून गेली. मार्टिन येऊन घेऊन गेला. तू गेल्यापासून ती जिन्याखालच्या लोखंडी कपाटात पडून होती आणि मी रोज त्या कपाटासमोरून धुण्याची बादली घेऊन ये-जा करत होतो. परवाना तुझ्या नावाचा, त्यामुळे तू नाहीस म्हटल्यावर ती या घरात ठेवणं चालत नाही. गार्डा स्टेशनातली पोलीस बाई फार मऊ आवाजात म्हणाली, "काही घाई नाही हं, पण दुकानदाराकडे जमा करून टाकलेली बरी." इतक्या वर्षांनी मला एवढं कळतं, की इथं 'घाई नाही' म्हणजे 'आजच करा'.

तुझ्याबद्दल बोलायला लोकांकडे पुष्कळ आहे. हॉस्पिटलातली माणसं येऊन गेली, डब्लिनहून मंडळाची माणसं येऊन गेली, आणि प्रत्येकानं मला सांगितलं की डॉक्टर वैजयंती किती शूर होत्या. शूर! मी मान हलवत चहा करत राहिलो. मला तुझ्या शौर्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू ते तसंच टाकून निघून गेलीस हे तुला शोभलं नाही. प्रश्न साधा होता. मी तुला दुकानात विचारला, गाडीत विचारला, तुझी वाचा गेल्यावरसुद्धा विचारला. पंपच का घेतलीस?

तुझ्या या सगळ्या नादाला मार्टिनचा गुडघा कारणीभूत. त्याचं ऑपरेशन होतं, भूल द्यायला तू होतीस, आणि डोळे मिटेपर्यंत तो बाबा तुला फेझंट पक्ष्यांच्या शिकारीबद्दल सांगत होता. तू म्हणालीस, "मला एकदा घेऊन चल, नाहीतर जागं करणार नाही." तू थट्टा केलीस. त्यानं कुबड्या सुटल्याबरोबर फोन केला. मग कळलं की मलिंगारच्या बाहेर जे बंदुकांचं दुकान आहे ते त्याचंच, आणि गावच्या गन क्लबातही तोच पुढे. पहिल्या शनिवारी तू परत आलीस ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, नाक लाल, आणि चेहऱ्यावर असं काही, की लग्नाच्या फोटोतही ते नाही.

मी पुण्याचा. लग्न होईपर्यंत ज्या कढईत अंडं पडलं ती कढई आमच्याकडे गच्चीवर जायची. आणि तू चंद्रपूरची, 'काऊन बे, पक्षी काय निस्ते पाहाले असतात काय' असं माझ्या आईसमोर बोलणारी. तरी दर नोव्हेंबर ते जानेवारी, शनिवारी सकाळी, मी तुझ्या मागं चालायचो. तुझ्या खांद्यावर बारा बोअरची दुनळी, माझ्या खांद्यावर पिशवी आणि चहाचा थर्मास, पुढं आपली कुत्री चिंगी वासावर. मी बंदुकीला कधी हात लावला नाही. तू लावू दिला नाहीस. "परवाना नसलेल्या माणसानं हातात घ्यायची नाही म्हणजे नाही," असं तू डोळे वटारून सांगायचीस. सिग्नल तोडणारी बाई, पण याबाबतीत कायद्याच्या पलीकडे कडक.

संध्याकाळी तू सावजी मसाल्याचा रस्सा करायचीस आणि मी खिडक्या सताड उघडून दहीभात खायचो. ईरा तुझ्या बाजूनं. "इट्स ओन्ली चिकन विथ नोशन्स, बाबा," म्हणायची. म्हणजे भाव खाणारी कोंबडी. आपली मुलगी आपलं मराठी सगळं समजते आणि उत्तर मलिंगारच्या इंग्रजीत देते, याचं मला वाईट वाटायचं. आता ती अजिबातच उत्तर देत नाही. खोलीत असते.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास तुला लोणच्याची बरणी उघडेना. डावा हात. तू म्हणालीस, फ्रोझन शोल्डर. तुझ्या वयाच्या बायकांना होतोच. मी कोण शंका घेणार? घरात डॉक्टर तू. मग म्हणालीस, दुनळी जड होतेय रे, या सीझनला हलकी काहीतरी बघू या. आणि मी, मूर्खासारखा, खूश झालो. वैजू, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. मला काम मिळालं म्हणून मी खूश झालो. ज्या गोष्टीत मला कधी जागा नव्हती त्यात तू मला बोलावलंस असं मला वाटलं.

उन्हाळाभर मी वाचत होतो. ऑफिसच्या मीटिंगा चालू असायच्या आणि दुसऱ्या खिडकीत माझं बंदुकांचं एक्सेल. कोणाला सांगितलं असतं तर हसले असते, वरणभात खाणारा माणूस वजनं आणि नळ्यांची लांबी मांडून बसलाय. पण मला पटकन कळलं, की यात गंमत आहे. हलकी बंदूक उचलायला सोपी, पण बार काढला की तीच खांद्याला जास्त जोरात लाथ मारते. जड बंदूक धक्का पोटात घेते. तुला खांदा दुखतो म्हणून हलकी हवी, आणि हलकी घेतली तर खांदाच जास्त दुखणार. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू पोळी लाटत होतीस, एका हातानं. "बरं मग?" म्हणालीस. "मग काडतूसही लहान घ्यायला हवं," मी म्हणालो. "म्हणजे बोअर बारीक."

त्यावरून आपण किती भांडलो! बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते, हे मी तुला शिकवायला गेलो आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की मी एक्सेल मिटलं. मी म्हणत होतो, सगळ्यात बारीक घे, फोर-टेन, मुलंसुद्धा वापरतात. तू उसळलीस. "त्यात छर्रे किती असतात माहीत आहे? पक्षी मरत नाही, जखमी होऊन कुंपणात जाऊन दोन दिवस मरत राहतो. मला तसलं मारायचं नाहीये." मग मी म्हणालो, अठ्ठावीस. तू म्हणालीस, त्याची काडतुसं आणायला डब्लिनला जाणार कोण, तू? शेवटी वीसवर आपलं जमलं. वीस बोअर, आखूड दस्ता, नळी फार लांब नको, पावणेतीन किलोच्या आत. इथवर आपण एका बाजूला होतो. मला तो आठवडा आठवतो. लग्नानंतर इतकं एकमत आपलं कशावरही झालं नसेल.

आणि मग दुकानात तू पंप उचललीस.

मार्टिनला ते आवडलं नव्हतं. इथल्या लोकांना दुनळी लागते. चालताना ती मध्ये मोडून कोपरावर टाकतात, म्हणजे शेजारच्याला लांबूनच दिसतं की ही उघडी आहे, हिच्यात काही नाही. पंपचं तसं नसतं. तिच्या नळीखाली एक सरकती मूठ असते, ती डाव्या हातानं मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलली की नवं आत. बंद आहे की उघडी, भरलेली की रिकामी, लांबून कळत नाही. "क्लबातले लोक नाक मुरडतील," मार्टिन म्हणाला. "मुरडू देत," तू म्हणालीस.

मी तर थक्कच झालो. "अगं, तुझा डावा हात दुखतोय ना? मग ज्या बंदुकीला डाव्या हाताचंच काम आहे ती कशाला? ही बघ ना ऑटोमॅटिक. वजन तेवढंच. बार काढला की दुसरं काडतूस आपोआप वर येतं. धक्कासुद्धा कमी बसतो. तुझ्यासाठीच केलीय जणू!"

"नको."

"का नको?"

"नाही आवडत."

"हे काय उत्तर झालं का?"

"सगळं आपोआप व्हायला लागलं की माणूस झोपतो, श्री. मला विचार. मी लोकांना झोपवूनच खाते."

मार्टिन हसला. मीही हसलो. मार्टिननं ती तीनच काडतुसं बसतील अशी असल्याचं दाखवलं, त्याहून जास्त बसली तर परवान्याची भानगड वेगळी होते म्हणाला, आणि तू बंदूक छातीशी धरून एकदा मूठ ओढलीस. खडक-खट. दात आवळून ओढलीस, हे मी पाहिलं. मार्टिननंही पाहिलं. तो बंदुकीकडे बघत नव्हता, तुझ्या हाताकडे बघत होता. हे मला आत्ता कळतंय.

परवाना होऊन, जुन्या दुनळीच्या बदल्यात ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तू म्हणालीस, घट्ट आहे रे, मूठ सरकत नाही नीट. झालं! माझ्यातला पुणेकर जागा झाला. नवी कोरी वस्तू आणि घट्ट म्हणजे काय? मी मार्टिनला फोन केला. तो येऊन घेऊन गेला, तपासली, तेल घातलं, परत आणली. "ग्रँड आहे," म्हणाला. पुन्हा तू म्हणालीस, घट्टच आहे. मी पुन्हा फोन केला, या वेळी जरा वरच्या पट्टीत. ग्राहकाला असं गृहीत धरू नका, बदलून द्या, वगैरे वगैरे. तो बिचारा सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नव्या असतात तशा, श्री. वापरून मोकळी होईल." तू सोफ्यावर बसून सगळं ऐकत होतीस. पेपर वाचल्यासारखं करत होतीस. वैजू, तू मला त्या माणसाशी भांडू दिलंस!

मी स्वतः एकदा ओढून बघितली असती तर तिथंच कळलं असतं. पण परवाना नसलेल्या माणसानं हात लावायचा नाही ना. तुझाच नियम.

खंडेनवमीला दरवर्षी तुझी आई फोनवर समोर बसून पूजा करवून घ्यायची. पाटावर माझा लॅपटॉप, तुझा स्टेथोस्कोप, ईराची हॉकी स्टिक आणि मध्ये बंदूक. हळदकुंकू फक्त लाकडी दस्त्याला, लोखंडाला लावलं तर गंज चढतो म्हणून. झेंडू मिळत नाही, तर सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. गेल्या वर्षी तू म्हणालीस, बंदूक पाटावर नको आणायला, पाटच कपाटासमोर ने. मी नेला. कपाटाचं दार उघडून तू आतल्या आत दस्त्याला बोट लावलंस. आई फोनवरून म्हणाली, "काऊन बाप्पा, देवानं यायचं की भक्तानं जायचं?" तू म्हणालीस, "आई, कंटाळा आला." कंटाळा! तुझ्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

सीझन उघडला. तू जात होतीस, पण एकच बार काढायचीस. पहिलं काडतूस दस्ता मांडीला टेकवून, उजव्या हातानं कसंबसं भरायचीस. दुसऱ्या बाराला मूठ ओढायची वेळ आली की बंदूक खाली. "एका पक्ष्याला एकच संधी द्यायची," म्हणायचीस. "लागला तर माझा, गेला तर त्याचा." मला ते फार उदात्त वाटलं. मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलं, माझी बायको शिकार करते पण बघा कसं तत्त्व आहे तिचं.

डिसेंबरात डब्लिनच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलात आपण गेलो ते खांद्यासाठी, असंच मी समजत होतो. छोटी खोली, तो डॉक्टर, तू आणि मी. त्यानं तुला विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? आणि तू, अगदी सहकाऱ्याला केस सांगावी तशी, सांगितलंस: मार्चमध्ये अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळलेला दिसला, मग दंडात फडफड, मेमध्ये जिभेवर. तुम्ही सांगणार आहात ते मला माहीत आहे, म्हणालीस, फक्त माझ्या नवऱ्याला सावकाश सांगा. त्यानं सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत जातात. आधी हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. मी त्याचं ऐकत नव्हतो. मी मनात महिने मोजत होतो. मार्च. मे. बंदूक आपण ऑगस्टमध्ये घेतली.

परतीच्या रस्त्यावर मी गाडी बाजूला घेऊन तुझ्यावर ओरडलो. तसं मी आयुष्यात कोणावर ओरडलो नव्हतो. "तुला माहीत होतं! मी तिथं अर्ध्या अर्ध्या पाव किलोचा हिशेब करत बसलो होतो, आणि तुला माहीत होतं!"

तू शांतपणे म्हणालीस, "सांगितलं असतं तर बंदूक घेऊ दिली असतीस?"

नसती घेऊ दिली. हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. "पण मग पंपच का? हात जाणार हे माहीत असताना डाव्या हाताची बंदूक कोण घेतं?"

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "चल, ईराची शाळा सुटेल."

त्यानंतर मी या प्रश्नाचा विचार सोडलाच नाही. आणि मला तुझी ती बटणाची गोष्ट आठवली. जेवताना तू कितीदा सांगायचीस. मोठ्या ऑपरेशननंतर रोग्याच्या हातात एक बटण देतात. दुखलं की दाबायचं, मशीन शिरेत थोडं औषध सोडतं. सगळी खुबी यात, की ते रोग्यानं स्वतःच दाबायचं. औषध जास्त झालं की रोग्याला गुंगी येते, हात सैल पडतो, बटण दाबलं जात नाही, आणि माणूस वाचतो. घात करतात ते नवरे. बायको झोपेत कण्हली की यांचा जीव तुटतो, आणि हे तिच्या वतीनं बटण दाबतात. तू एकाला वॉर्डात सगळ्यांसमोर झापलं होतंस. "प्रेम असेल ना तुझं, तर स्वतःच्या हातावर बसून राहा."

मला वाटलं, सापडलं उत्तर. तुला अशी बंदूक हवी होती जी तुझा हात थांबला की थांबेल. ऑटोमॅटिकनं तुला पुढं जाऊ दिलं असतं, जिथं तुझ्या हातात भरलेली बंदूक असायला नको तिथंवर. कोणीतरी तुला सांगावं लागलं असतं, बास आता. मला सांगावं लागलं असतं. पंपनं ते स्वतःच सांगितलं असतं. हे उत्तर इतकं तुझ्यासारखं होतं की मला भीती वाटली. बाई दुकानात उभं राहून स्वतःचा शेवट निवडते आणि नवरा शेजारी उभा राहून आखूड दस्त्याची चौकशी करतो.

पण मग जानेवारीतला तो शेवटचा शनिवार आहे ना. त्याचं काय करू?

सीझन संपायला आला होता. रात्रभर गोठलं होतं, बांधावरचं गवत पायाखाली करकरत होतं. तू चालत होतीस, पण पाय ओढत. मी तुझ्या डाव्या अंगाला, अगदी लगत. मार्टिन लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला. चिंगी काटेरी झुडपात घुसली आणि तो नर उठला, तांबडा, लांब शेपटीचा, ओरडत. तू बार काढलास. तो पडला, पण मेला नाही. एक पंख लोंबत, तो धावायला लागला. कुंपणाकडे. तुला सगळ्यात जे नको होतं तेच. तू मूठ ओढायला गेलीस आणि तुझी बोटं तिच्यावर नुसती पडून राहिली. मी पाहत होतो. ती हललीच नाहीत. तुझ्या घशातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

मग तू म्हणालीस, "श्री, ओढ."

मी तुझ्या डाव्या हातावर माझा हात ठेवला आणि ओढलं. खडक-खट. मला बंदूक कळली नाही, वैजू. मला फक्त मध्ये तुझा हात कळला, गार, हाडं हाडं, आणि तो मोडू नये म्हणून मी ओढत होतो. तू बार काढलास. पक्षी जागच्या जागी राहिला.

मी रडायला लागलो. तू म्हणालीस, "रडतोस काय? बाईनं पक्षी मारलाय." तुझं बोलणं तेव्हा जड व्हायला लागलं होतं, 'मारलाय' नीट उमटलं नाही. मी दूर पाहिलं तर मार्टिन आपल्याकडे पाठ करून उभा होता आणि एका रिकाम्या कुंपणाकडे टक लावून बघत होता. परवाना नसलेला माणूस बंदुकीला हात लावताना त्याला बघायचा नव्हता. तो तसाच उभा राहिला, चिंगी पक्षी घेऊन येईपर्यंत.

तर आता मला सांग. हातावर बसून राहा म्हणणारी तू. तूच मला म्हणालीस, ओढ. तू नियम मोडलास, का तो नियम कधी नव्हताच? ऑटोमॅटिक घेतली असतीस तर मी त्या शेतात नुसता थर्मास धरून उभा असतो. पंपला दुसऱ्याचा हात लागू शकतो. तुझा गेल्यावर माझा. हे धरून तू ती घेतलीस का? तुझा हात थांबला की सगळं थांबावं म्हणून, की तुझा हात थांबला की माझा लागावा म्हणून? मी एकदा एक ठरवतो आणि भाजी चिरताना दुसरं ठरवतो. आणि कधी वाटतं, दोन्ही खोटं, तुला फक्त तो खडक-खट आवाज आवडला असेल. तुझा काही भरवसा नाही.

मी विचारलं होतं तुला. उन्हाळ्यात, तू खुर्चीत असताना, बोलणं पूर्ण गेल्यावर. तो अक्षरांचा पुठ्ठा तुझ्यासमोर धरायचो आणि तुझी नजर जिथं थांबेल ते अक्षर मी म्हणायचो. मी म्हणालो, आता तरी सांग, पंपच का? तू कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलंस. मग पुठ्ठ्याकडे. 'च', मी म्हणालो. पापण्या मिटल्यास, म्हणजे बरोबर. मग 'ह'. मग मला कळलं. चहा. मी म्हणालो, वैजू, लाज वाटत नाही तुला? आणि तू हसत होतीस, तोंड हलत नव्हतं पण डोळ्यांचं मला कळतं. मी चहा केला, तुला गिळता यावा म्हणून त्यात ती घट्ट करणारी पूड घालून चमच्यानं भरवला. मला वाटलं, अजून वेळ आहे. सीझन नोव्हेंबरात उघडतो, तोवर काढून घेऊ उत्तर.

तू सीझन उघडायच्या आधीच गेलीस. काल त्या बाजूच्या शेतांतून यंदाचे पहिले बार ऐकू आले. चिंगी दारापाशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी तिला घेऊन रस्त्यानं फिरून आलो. तिला ते पटलं नाही.

तुझ्यावर मी चिडलेला आहे. ते जाणार नाही इतक्यात. पण मला हेही सांगायचंय, की तो सगळा उन्हाळा, वीस की अठ्ठावीस करत भांडलो तो, माझ्या आयुष्यातला फार चांगला उन्हाळा होता. तुला सगळं माहीत असून तू तो मला दिलास. मला माहीत असतं तर मी तो आपल्या दोघांचाही घालवला असता. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि हे मी चिडूनच म्हणतोय.

आज सकाळी मार्टिन आला. टोपी हातात, स्वयंपाकघरात उभा. मी चहा ठेवला. इतक्या वर्षांनी मीही इथल्या लोकांसारखं कपाटाला प्रेस म्हणतो यावरून तू मला चिडवायचीस. मी त्याला म्हणालो, प्रेसमधून बिस्किटं घे, आणि त्याला काही वेगळं वाटलं नाही. मग मी जिन्याखालचं कुलूप काढलं आणि बाजूला झालो, त्यानं घ्यावी म्हणून. तो पुढं आला नाही. म्हणाला, "बंदूक देणाऱ्यानं रिकामी आहे हे उघडून दाखवायचं असतं, श्री. तशी रीत आहे. घरातली बंदूक, घरातल्यानं दाखवायची."

मी म्हणालो, मला परवाना नाही. त्यानं खिडकीबाहेर बघितलं, त्या दिवशी कुंपणाकडे बघत होता तसं.

मी ती उचलली. वजन मला आकड्यासकट पाठ होतं, आणि तरी ती उचलताना कळलं की मला काहीच माहीत नव्हतं. दस्त्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून होतं, तुझ्या बोटाएवढं. मी डावा हात मुठीवर ठेवला, पाय रोवले आणि चांगला जोर लावायच्या तयारीनं ओढली.

काही जोर लागलाच नाही, वैजू. दोन बोटांनी सरकली असती. ईरा पाच वर्षांची असताना तिनंसुद्धा ओढली असती. देवघराचा ड्रॉवर याहून घट्ट आहे. ती पहिल्या दिवसापासून इतकी मोकळी होती आणि तुला तेवढंही होत नव्हतं, आणि तू एका हातानं पोळ्या लाटत होतीस. मी आतली रिकामी नळी मार्टिनला दाखवली.

त्यानं आत बघितलं, मान हलवली, बंदूक माझ्याकडून घेतली. मग दारात थांबून, मागं न बघता, त्यानं विचारलं, "घट्ट वाटते का अजून?"

"हो," मी म्हणालो. "घट्टच आहे."

"असेल," मार्टिन म्हणाला. "नव्या असतात तशा."